वाघाची आवक

कळमन्यात सगळ्या मालाची आवक होते, फक्त शांततेची होत नाही. पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात कांदा येतो, बटाटा येतो, काटोल-नरखेडची संत्री येतात, भिवापूरची मिरची येते. हे सगळं रात्रीच येतं. ट्रक मागे घेताना जी एक किरटी धून वाजते, ती ऐकतच इथली पोरं लहानाची मोठी होतात. धून थांबली की हमालांच्या हाका सुरू होतात, हाका थांबल्या की कळमना स्टेशनाकडं मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळतात, आणि हेही थांबलं की मिरची सुरू होते. मिरची स्वतः आवाज करत नाही, दुसऱ्यांकडून करवून घेते. थंडीत लाल मिरचीचा हंगाम लागला, की वारा ज्या वस्तीकडं वळेल त्या वस्तीनं शिंकायचं, असा आमच्याकडं अलिखित ठराव आहे. मी एका अडतदुकानात दिवाणजी आहे. माझ्या खतावणीत एखादा आकडा एकाएकी शेजारच्या रकान्यात घुसलेला दिसला, तर तिथं मला शिंक आली होती असं समजावं.

तेव्हा शांतता हवी असेल तर ती बाहेरगावाहूनच आणावी लागणार, हे उघड होतं. ती कुठं मिळते याचा शोध चिरंजीवांनी मोबाइलवर लावला.

“बाबा, पेंचला टेंटमध्ये राहू न. सायलेन्स एकदम.”

“काय भाव?” मी विचारलं.

त्यानं सांगितलेल्या आकड्यात आमच्या यार्डात लसणाची बऱ्यापैकी गोणी आली असती. पण बायको म्हणाली, “लसूण घेऊन तुम्हाला झोप येणार आहे का?” आणि लिलाव तिथंच सुटला.

गंमत म्हणजे आम्ही जिथून निघालो तिथं नेहरू आणि जिथं पोचायचं तिथंही नेहरूच. महाराष्ट्रातलं पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्यालाही नाव पंडितजींचंच. सीमेपलीकडं, मध्य प्रदेशातल्या पेंचला इंदिरा प्रियदर्शिनींचं नाव आहे. म्हणजे वडिलांच्या जंगलात जेवायचं आणि लेकीच्या जंगलात जाऊन आडवं व्हायचं, ही सोय वाघाला विनापरवाना आहे. आम्हाला मात्र या नेहरूंकडून त्या नेहरूंकडं जायला प्रत्येकाचं आधार कार्ड, वय, मोबाइल क्रमांक आणि दर दोन मिनिटांनी बाद होणारा ओटीपी लागला. आईची जन्मतारीख कळल्याशिवाय वाघ दर्शन द्यायला तयार नव्हता. ती आधारवर १ जानेवारी अशी आहे. तिच्या पिढीतलं अर्धं गाव आधारवर १ जानेवारीलाच जन्मलेलं आहे, त्या दिवशी सुइणीची काय धावपळ झाली असेल देव जाणे.

सफारीच्या जागांचं तर विचारूच नका. पडद्यावर आकडा दिसायचा, बोट टेकवलं की नाहीसा व्हायचा. आमच्या यार्डात लिलावात निदान आपल्यापेक्षा चढी बोली कुणी लावली त्याचं तोंड तरी दिसतं. अखेर कुणीतरी रद्द केलेल्या जागा हाती लागल्या आणि चिरंजीव “मिळाल्या!” म्हणून अशा आवाजात ओरडले, की खालचे हमाल “भाव फुटला का?” म्हणून वर बघायला लागले.

*

बातमी फुटली तसा साळभाऊही फुटला. म्हणजे उगवला. “भाऊजी, जंगलात जाणकार माणूस सोबत पाहिजे,” असं म्हणत तो आपली बॅग घेऊनच आला. वाघाबद्दलचा त्याचा अभ्यास महाराजबागेत झालेला आहे, पिंजऱ्याच्या बाहेरून, हातात शेंगदाण्याची पुडी घेऊन. त्यानं आल्या आल्या सांगितलं, “वाघ दिसला की पळायचं नाही. नजरेत नजर घालून उभं राहायचं.” हे सांगताना त्याची नजर आमच्या हिच्या नजरेला भिडली आणि तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

सामानाचा ताबा आईकडं होता. विदर्भात झाडाखाली बसून जेवायचं म्हणजे रोडगे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, वांग्याच्या भाजीत बुडवलेले, वरून तूप. दुसरा पदार्थ झाडालाच चालत नाही. “रानात जायचं अन् रोडगे नाई? मंग घरीच वरण-भात खा,” आई म्हणाली. तिनं पारडीकडून गोवऱ्या मागवल्या आणि त्या भरायला दुकानातलं एक रिकामं पोतं घेतलं. ते मिरचीचं होतं, एवढं सोडलं तर पोत्यात दोष काहीच नव्हता. गाडीच्या टपावर गोवऱ्यांचं पोतं, संत्र्यांची एक पेटी, सतरंज्या आणि स्टीलचा पिंप असा माल चढला. पिंपात काय, तर प्यायचं पाणी. नागपूरला पिण्याचं पाणी पेंचच्याच धरणांतून येतं, हे मी आईला सांगून पाहिलं. म्हणजे आपण पेंचचं पाणी पेंचला घेऊन चाललो होतो. ती म्हणाली, “तथचं पानी आन् नळाचं पानी येकच कसं होईन? नळाचं पानी आपल्याले मानवते.”

कामठी गेली, कन्हान गेलं, मनसरला समोसे झाले. तिथून रामटेकचा रस्ता उजवीकडं जातो. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष जिथं वर्षभर एकटा राहिला, तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच, असं आम्ही नागपूरकर मानतो. ही म्हणाली, “बघा, बिचारा वर्षभर डोंगरावर मुक्कामाला होता.” मला त्या बिचाऱ्याचा हेवा वाटला. त्याला मुक्काम शिक्षेत मिळाला होता, म्हणजे फुकट. शिवाय सोबतीला साळा दिला नव्हता. आणि निरोप पाठवायला ढग होता, ज्याची रेंज थेट अलकेपर्यंत होती. हा रेंजचा मुद्दा पुढं येणार आहे.

मनसरच्या पुढं महामार्ग क्रमांक ४४ जंगलातून जातो आणि इथं सरकारनं एक चमत्कार केला आहे. रस्ता नऊ ठिकाणी असा उचलून घेतला आहे, की वरून ट्रक जातात आणि खालून जनावरं. वाघ, चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे त्या पुलांखालून खरोखर जातात. कॅमेऱ्यांत त्यांचे फोटो आलेले आहेत. कळमन्यात ट्रक, हातगाडी, गाय आणि लग्नाची वरात एकाच पातळीवरून एकाच वेळी जातात, त्यामुळं आई हे ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, “वाघाले खालून वेगळी वाट? अन् त्यानं मतदान तं केलं नसन.”

*

खुर्सापार गेटच्या अलीकडं, महामार्ग सोडून आत, आमचा तंबू होता. हे लोकप्रिय ठिकाण होतं हे वाहनतळावरच कळलं. तिथल्या गाड्यांचे सगळे नंबर एमएच ३१, ४० आणि ४९. अख्खं नागपूर आणि निम्मा जिल्हा नागपूरपासून दूर जायला तिथं जमला होता. उद्यानाच्या गाभ्यात पर्यटकांचे तंबू नसतात, ते कडेच्या गावांत असतात. पण जाहिरातीत “जंगलाच्या कुशीत” असं लिहिलं होतं. कुशी बरीच रुंद असावी.

तंबू मात्र पाहण्यासारखा. खाली चकचकीत फरशी, आत डबलबेड, एसी, गिझर, आरसा, आणि बाहेर डोअरबेल. कापडाला डोअरबेल! आईनं हातानं कापड दाबून पाहिलं, आमच्याकडं मालाची गोणी दाबून पाहतात त्याच सराईतपणे.

“याले भिंत कुठी हाये?”

“माताजी, टेंट आहे,” व्यवस्थापक म्हणाला. विशीतला पोरगा, डोक्यावर शिकाऱ्याची टोपी.

“एवढ्या पैशात तं पक्की खोली भेटली असती.”

“भिंत नाही म्हणूनच पैसे जास्त आहेत, माताजी.”

हा व्यवहार आईला कळला नाही. मला कळला. आमच्याकडंही निवडून, पुसून, पाला काढून ठेवलेला माल महाग पडतो. इथं भिंतच काढून ठेवली होती.

तंबूला दार नव्हतं, चेन होती. ती गुडघ्यापर्यंत यायची आणि तिथं तिचा विचार बदलायचा. त्यामुळं कुटुंबातल्या प्रत्येकाला आत शिरताना दंडवत घालावा लागत होता. साळभाऊचं पोट पहिल्याच खेपेला अडकलं. त्याला आतून मी आणि बाहेरून चिरंजीव अशा दोन्ही बाजूंनी खेचून सोडवला, तेव्हा शेजारच्या तंबूतल्या बाई आपल्या मुलाला सांगत होत्या, “बघ बेटा, असं कॅम्पिंग असतं.”

मग रोडग्यांचा वांधा झाला. गोवऱ्यांचं पोतं उतरताना बघून व्यवस्थापक धावत आला.

“सर, इथं जाळ करता येत नाही. वणव्याचा धोका असतो.”

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण आईनं समोर बोट दाखवलं. तिथं अर्ध्या पिंपात लाकडं रचत होते. “मंग ते काय हाये?”

“ते कॅम्पफायर, माताजी. त्याचा पास आहे.”

“अन् जेवाले?”

“आज स्पेशल रोडगे आहेत. प्लेटप्रमाणे.”

रात्री रोडग्यांची प्लेट आली. आईनं एक फोडला, आत पाहिलं आणि काही न बोलता उठून सरळ भटारखान्यात गेली. पुढचा अर्धा तास तिथून फक्त तिचा आवाज येत होता. “कणीक जाडी पाहिजे. थर सुटले पाहिजेत. उलटव. अरे उलटव म्हन्लं ना!” दुसऱ्या घाण्याचे रोडगे अव्वल उतरले. व्यवस्थापकानं चार खाल्ले. बिलात मात्र प्लेटी पूर्ण लागल्या, आणि आईची मजुरी धरली नव्हती.

दरम्यान गोवऱ्यांचं पोतं बेवारस पडलं होतं, शेजारी संत्र्यांची पेटी. दुपारीच वानरांची टोळी येऊन गेली होती. आमच्या यार्डात तीस-तीस वर्षं संत्र्यात घालवलेले व्यापारी आहेत, पण त्या म्होरक्यानं ज्या शांतपणे एकेक संत्रं उचललं, अंगठ्यानं दाबलं, पोकळ निघालं ते बाजूला टाकलं, तशी पारख मी पाहिली नाही. अव्वल माल घेऊन त्यांनी तिसऱ्या दर्जाचा आमच्यासाठी ठेवला. मग एका तरुण वानराला पोत्याची उत्सुकता वाटली. त्यानं तोंड आत घातलं. क्षणभर काही झालं नाही. नंतर ते शिंकलं. मग दुसरं शिंकलं. सागाच्या झाडावर जाऊनही पूर्ण टोळी शिंकत होती, आणि कळमन्याची मिरची सुट्टीवरही कामावर असते हे पाहून माझा ऊर उगाच भरून आला. तो भर लगेच उतरला, कारण वारा तंबूकडं वळला होता.

*

रात्री व्यवस्थापकानं सगळ्यांना मैदानात बोलावलं. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेलं हे भारतातलं पहिलंच ठिकाण. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडं वळवला आहे, आणि आकाश पाहायला दुर्बीण बसवली आहे. थोडक्यात, इथला अंधार प्रमाणित आहे. भारनियमनाच्या काळात हा माल कळमन्यात रोज संध्याकाळी फुकट टाकून जात होते आणि आम्ही त्याबद्दल मोर्चे काढत होतो. त्यावर शिक्का मारून घ्यायची अक्कल तेव्हा आम्हाला सुचली नाही.

“सगळ्यांनी लाइट बंद करा, म्हणजे अंधार दिसेल,” व्यवस्थापक म्हणाला.

सगळ्यांनी लाइट बंद केले. मग अंधार नेमका कुठं आहे ते पाहायला सगळ्यांनी मोबाइलचे टॉर्च लावले. ते बंद करवले, तर फोटो काढणाऱ्यांचे फ्लॅश सुरू झाले. “आकाशाला फ्लॅश लागत नाही,” हे व्यवस्थापक जीव तोडून सांगत होता. साळभाऊ म्हणाला, “लांबचं आहे ना, उजेड पोचला पाहिजे.”

अखेर सगळ्यांच्या बॅटऱ्या दमल्या आणि आकाश दिसलं. माझ्या मुलीनं मोबाइलवरचं नक्षत्रांचं ॲप उघडून आकाशाकडं धरलं होतं, ते “दिशा जुळवा” एवढंच म्हणत होतं. तोवर आईनं बोट दाखवून सांगितलंही, “ते पाह्य तिकांडं. त्याच्यावर तो पुंजका दिसते, त्या कृत्तिका.” तिकांडं म्हणजे मृगाचा बाण. मला मृग म्हटल्यावर संत्र्याचा मृग बहार आठवला आणि फेब्रुवारीत येणाऱ्या उधारीच्या पट्ट्या आठवल्या. इतक्या दुरून, इतक्या अंधारात, तारे मला खतावणीच दाखवत होते.

इथवर सगळं ठीक होतं. मग आम्ही झोपायला गेलो आणि रेंजचा मुद्दा आला.

त्या संपूर्ण मुक्कामात मोबाइलला रेंज कुठंच नव्हती. फक्त आमच्या तंबूच्या मागं, एका मोहाच्या झाडाखाली, हात वर केला की दोन काड्या येत होत्या. ही बातमी जेवणाच्या रांगेत फुटली असावी. दहा वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं. भिंत नाही म्हणून आपण जास्त पैसे मोजले आहेत, हे मला तेव्हा नीट समजलं.

पहिला आवाज ओळखीचा होता. आमच्याच यार्डातल्या कांदा-बटाटा विभागातले शेठ. “गाडी कुठं आहे? ताडपत्री टाकली का? कांदा भिजला तर तुझ्या भाड्यातून कापीन!” हा संवाद मी कळमन्यात रोज फुकट ऐकतो. मग एक बाई आल्या. त्यांनी शेजारणीला कुलूप उघडायला लावून गॅस बंद आहे का, इस्त्री बंद आहे का, तुळशीला पाणी घातलं का, हे क्रमानं तपासून घेतलं. मग एक तरुण आला. त्याचा आवाज येताना ठणठणीत होता, फोन लागताच खोल गेला.

“सर, टायफॉइड निघाला. हो सर, ॲडमिट आहे.”

तेवढ्यात नाल्याकडं कोल्हेकुई सुरू झाली. पलीकडून साहेबांनी काही विचारलं असावं.

“ते... बाजूच्या बेडवरचे पेशंट आहेत, सर.”

कोल्ह्यांनी आणखी वरचा सूर लावला.

“हो सर, सीरियस आहेत. सगळेच.”

मी तोंडात उशी कोंबली. उशीला मिरचीचा वास होता, कारण ती टपावर पोत्याखाली होती. मी शिंकलो. टायफॉइडचा रुग्ण बाहेर दचकला आणि म्हणाला, “सर, डॉक्टर आले, ठेवतो.”

पण रात्रीचा मानकरी शेवटी आला. मध्यरात्र उलटली होती. त्यानं पुण्याच्या मित्राला फोन लावला आणि मोठ्यानं, अगदी बेंबीच्या देठापासून, सांगायला सुरुवात केली. “अरे, इतकी शांतता आहे ना इथं! नाही, तुला कल्पनाच येणार नाही! टाचणी पडली तरी ऐकू येईल! हॅलो? ऐकू येतंय का? टाचणी! टा-च-णी!” शांततेचं वर्णन तो पाऊण तास करत होता. मधूनच रेंज जायची, मग पुन्हा पहिल्यापासून. साळभाऊ या सगळ्यात गाढ झोपला होता. तो उठला ते एकदाच, हळूच बाहेर गेला. मला वाटलं लघवीला. तर मागून आवाज आला, “हॅलो, भाजप-काँग्रेस सोड, उद्याचं हवामान सांग.”

*

पहाटे निघालो तेव्हा थंडीनं दात वाजत होते. नागपूरकडं थंडी नसते असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. उघड्या जिप्सीत वारा समोरून येतो, तेव्हा त्याहून खाली किती अंश असतात ते हवामान खात्यानं जिप्सीत बसून मोजावं. अंगात होते नव्हते ते सगळे कपडे, वर मुक्कामावरची ब्लँकेटं, साळभाऊच्या डोक्यावर गोंडा असलेली माकडटोपी. गेटवर ओळखपत्रं तपासली आणि मोबाइल जमा करून घेतले. झाडून सगळ्यांचे चेहरे पडले. कांद्याच्या शेठजींची बोटं रिकाम्या तळहातावर फिरत होती.

आमचा गाइड जवळच्याच गावातला, शांत माणूस. त्यानं खूप काही दाखवलं. पांढऱ्या खोडाचं भुत्याचं झाड, जे चांदण्यात माणूस उभा असल्याचा भास करून देतं. रानगव्यांचा कळप. वाघाच्या पट्ट्यांचा नमुना दुसऱ्या कुठल्याही वाघाशी जुळत नाही, म्हणून त्यावरून त्याची ओळख पटते, हेही सांगितलं. “किपलिंगच्या ‘जंगल बुक’चं जंगल ते हेच का?” मुलीनं विचारलं. “मोगली तिकडं सिवनीच्या बाजूला गेला,” गाइड जरा नाराजीनं म्हणाला. १८९४ मधल्या पुस्तकानं केलेली ही सीमानिश्चिती महाराष्ट्राच्या बाजूला अजून मान्य दिसली नाही.

पण गव्याला, झाडाला, मोगलीला गिऱ्हाईक नव्हतं. चितळ दिसलं की पहिल्यांदा “अय्या!”, दुसऱ्यांदा “हं”, आणि पुढं “चला, चला.” ज्या चितळासाठी वाघ रात्रभर उपाशी फिरतो, त्याला आम्ही अर्ध्या तासात भाव पाडून मोकळे. साळभाऊनं हिशेब मांडला होता, “२०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ निघाले. त्यातल्या एकालाही आज सकाळी काम नसावं?” समोरून येणारी प्रत्येक जिप्सी थांबायची आणि एकच सवाल व्हायचा.

“दिसला का?”

“नाही. तुम्हाला?”

“आत्ताच गेला म्हणतात.”

दोन्हीकडचे ड्रायव्हर मग नुसत्या बोटांनी आणि भुवयांनी काही बोलायचे. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, त्याला हत्ता म्हणत. सरकारनं तो बंद केला. तो इथं जंगलात येऊन राहिल्याचं मी पाहिलं. एवढ्यात दुरून चितळाचा इशारा आला. सगळे उठून उभे राहिले. गाइड बसूनच होता. “चितळ उगाचही ओरडतं. सांबर ओरडलं तर पक्कं समजायचं.” हे मला लगेच पटलं. प्रत्येक बाजारात उगाच ओरडणारे पुष्कळ असतात आणि ज्याच्या शब्दावर माल उचलावा असा एखादाच.

आणि सांबर ओरडलं.

पुढच्या पाच मिनिटांत एका झुडपासमोर सगळ्या जिप्सी गोळा झाल्या. शेजारच्या जिप्सीत रात्रीचा तो तरुण होता. मी सहज विचारलं, “ताप कसा आहे?”

“आता उतरलाय, सर,” तो सवयीनं म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा खरोखर आजारी झाला. उरलेला वेळ तो वाघाऐवजी माझ्याकडंच घाबरून बघत होता.

“तो बघा, तो बघा!” गाइड कुजबुजला. मी उठलो. माझ्या चष्म्यावर वाफ होती, ती पुसली. आणि नेमका साळभाऊ माझ्यापुढं उभा राहिला, नजरेत नजर घालण्याचा आपला सिद्धांत विसरून, पण टोपीसकट. वाघ डावीकडून निघाला तशी टोपी डावीकडून निघाली. वाघ मध्ये थांबला तशी टोपी थांबली. वाघ रस्ता ओलांडून गेला आणि गोंडा एकदा हलून स्थिर झाला. लोक म्हणतात की वाघाची चाल राजेशाही असते. मी लोकरीवरून सांगतो, असावी.

निघताना व्यवस्थापकानं अभिप्रायाची वही पुढं केली. माझ्या मनात पुष्कळ होतं, पण वही आईनं घेतली आणि मुलीकडून लिहवून घेतलं : “जागा चांगली आहे. शेजार चांगला आहे. रात्रभर माणसांची जाग होती. घरच्यासारखं वाटलं.” व्यवस्थापकाला इतका आनंद झाला, की त्यानं त्या पानाचा फोटो काढून जाहिरातीत टाकतो म्हणून सांगितलं.

*

सोमवारी दुकानात गर्दी जमली. फोटो नसल्यामुळं वाघ पूर्णपणे साळभाऊच्या ताब्यात होता. तो खास त्यासाठी दुकानात आला होता. सकाळी वाघ पन्नास फुटांवर होता. पहिल्या चहाला तीसवर आला. दुपारी संत्र्याचा लिलाव सुटला तेव्हा तो जिप्सीच्या चाकाला अंग घासत होता. कळमन्यात कुठलाही माल आहे त्या वजनानं धरत नाहीत, त्यातून कडता कापायची जुनी खोड आहे. कायद्यानं बंद असली तरी गोष्टींना अजून लागू आहे. ऐकणाऱ्यांनी निमूटपणे कडता कापला आणि वाघ पुन्हा पन्नास फुटांवर नेऊन ठेवला. दुसऱ्या एका शेठजींनी मात्र कडता न कापता पुढच्या महिन्यासाठी तंबूचा भाव विचारला. गोवऱ्या चालत नाहीत हे ऐकून त्यांनी आपल्या सामानातून दोन पोती कमी केली.

आमचा म्हातारा मापारी देवलापारकडचा. तो काट्याला टेकून ऐकत होता. सगळं संपल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

“दिवाणजी, वाघ पाहाले पैशे देल्ले?”

“दिले.”

“अंधाराचेबी?”

“अंधाराचेही.”

“अन् शेकोटीचे?”

“तिचा पास असतो.”

त्यानं काट्यावरचं वजन उगाच एकदा सरकवून सरळ केलं. “आमच्या वावरात तो फुकट येते, बाप्पा. मागच्या साली गोऱ्हा नेला. तवा आमाले कोनी नाई इचारलं, दिसला का म्हनून. आमी दार लावून घेतो न् गप बसतो.” मला काय बोलावं सुचेना. तोच पुढं म्हणाला, “पुढच्या टायमाले माह्या घरी या. थंडी हाये, अंधार हाये, रोडगे माही मालकीन करन. कोनाचा आवाज नाई. भिंतबी हाये. एक पैसा देऊ नका.”

ही खरी शांतता होती, तीही बिनअडतीची. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून साळभाऊनं मान पुढं काढली.

“काका, तिथी रेंज येते का?”